इग्वानाच्या ताटात शेवगा

सकाळी टँकमध्ये ठेवलेला पाला संध्याकाळी तसाच कोमेजून पडलेला असतो आणि शेजारची केळ्याची फोड मात्र पाच मिनिटांत गायब झालेली असते. इग्वाना पाळणाऱ्या घरांतली ही नेहमीची तक्रार. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "लाडावलाय तो. दोन दिवस उपाशी ठेवा, मुकाट्याने खाईल."

हा सल्ला आपण मानू नये. सरपटणारा प्राणी पाला नाकारतो तेव्हा बहुधा ऊब पुरत नसते, उजेड योग्य नसतो किंवा समोरचा पाला चुकीचा असतो. आवडीनिवडीचा प्रश्न या तिन्हींनंतर येतो. म्हणून आपण त्याच क्रमाने जाऊ. पुण्याच्या विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर, कळस या भागात जे सहज मिळतं त्यावरच भर ठेवला आहे. परदेशी याद्यांत केल, कॉलर्ड, डँडेलियन अशी नावं असतात आणि ती वाचून लोक महागड्या दुकानांत शोधाशोध करतात. त्याची गरज नाही. त्यांच्या तोडीचा, काही बाबतींत सरस पाला आपल्या भाजीवाल्याकडे रोज येतो.

सर्वात आधी, आपल्या घरी आहे तो प्राणी कोणता, हे नक्की करा. हिरवा इग्वाना मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या जंगलांत झाडांवर राहतो आणि तो पूर्ण शाकाहारी आहे. बिअर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला. तो किडेही खातो आणि पालाही, पण वयाप्रमाणे प्रमाण बदलतं. लेपर्ड गेको मात्र फक्त किडे खातो. त्याला भाजी खायला लावण्याचा खटाटोप करू नका, त्याची आतडी त्यासाठी नाहीतच. घोरपड, सांडा, आपल्याकडचा शॅमेलिऑन सरडा हे तर भारतीय वन्यजीव आहेत. ते कायद्याने संरक्षित असून घरात ठेवणं गुन्हा आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर इग्वानाचंही सांगतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि साइट्स या आंतरराष्ट्रीय करारातल्या विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. हिरवा इग्वाना या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर त्याची नोंद करावी लागते. विकत घेताना दुकानदाराकडून कागद मागून घ्या. पुढे डॉक्टरकडे नेतानाही मनात धाकधूक राहत नाही.

आता पहिली पायरी, ऊब. हिच्यावर मी सर्वात जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक घरांत गाडी इथेच अडते.

आपल्या शरीरात उष्णता आतून तयार होते, सरड्याच्या शरीरात ती बाहेरून यावी लागते. इग्वाना पाला चावून बारीक करत नाही. दातांनी तुकडा कापतो आणि गिळतो. तो पाला पुढे मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले सूक्ष्म जिवाणू त्याला आंबवून त्यातून पोषण काढतात. हे काम काही दिवस चालतं आणि ते उबेवरच चालतं. शरीर गार असेल तर जिवाणू मंदावतात, पाला पोटात तसाच पडून राहतो, वायू धरतो. अशा वेळी प्राणी खाणं थांबवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

इग्वानाला ऊन खात बसायला टँकमध्ये एक जागा अशी हवी की तिथे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहील. दुसरं टोक २६-२७ अंशांचं, म्हणजे नको वाटलं की तिकडे सरकता येईल. रात्री २३-२४ च्या खाली जाऊ देऊ नका. बिअर्डेड ड्रॅगनला बसण्याची जागा अधिक तापलेली, साधारण ४० अंशांची लागते. रात्रीचा गारवा मात्र त्याला इग्वानापेक्षा जास्त सोसतो.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान १० अंशांच्या आसपास उतरतं. घरात तेवढी थंडी नसते, पण रात्री उघड्या राहिलेल्या खिडकीजवळचा टँक सकाळी चांगलाच गारठलेला असतो. दिवाळीनंतर इग्वानाने हळूहळू पाला सोडला, अशी तक्रार असेल तर भाजी बदलण्याआधी रात्रीचं तापमान मोजा. यासाठी सिरॅमिक हीटर मिळतो. तो बल्बच्याच होल्डरमध्ये बसतो, उष्णता देतो पण उजेड देत नाही, त्यामुळे झोपमोड होत नाही. त्याला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारं यंत्र, जोडलेलं असावं. वर जाळी हवीच, नाहीतर प्राणी अंगाने हीटरला चिकटतो आणि भाजतो. गरम होणारे कृत्रिम दगड विकायला असतात, ते घेऊ नका. त्यांनी पोट भाजतं आणि सरड्याला ते वेळेवर कळत नाही.

मोजण्यातही एक चूक सर्रास होते. काचेला चिकटवलेला गोल तापमापक काचेजवळची हवा मोजतो. प्राणी बसतो त्या फांदीवर किती आहे, हे त्याला कळत नाही. वायर असलेला डिजिटल तापमापक घ्या, त्याचं टोक नेमकं बसण्याच्या जागी ठेवा आणि सकाळ, दुपार, रात्र असे आकडे लिहून काढा. दोन-तीन दिवसांचे आकडे समोर आले की अर्धी उत्तरं मिळतात.

उन्हाळ्यात उलटं होतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि वरच्या मजल्यावरचा स्लॅब रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. तेव्हा शेकण्याचा दिवा तसाच चालू ठेवला तर टँकमध्ये थंड कोपराच उरत नाही. प्राणी तोंड उघडं ठेवून धापा टाकू लागला, तर त्याला फार उकडतं आहे असं समजा. आणि काचेचा टँक बाल्कनीत थेट उन्हात कधीही ठेवू नका. काच उष्णता कोंडते आणि थोड्याच मिनिटांत आतलं तापमान प्राणघातक होतं.

दुसरी पायरी उजेडाची. सूर्यप्रकाशात अतिनील किरण असतात. त्यांतल्या यूव्हीबी नावाच्या किरणांमुळे सरड्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. ते कमी पडलं की हाडं मऊ पडतात. जबडा दुखू लागला की प्राणी टणक पाला सोडून केळं, पपई असं मऊ खाऊ लागतो. बाहेरून बघणाऱ्याला ते नखरे वाटतात.

इथे गैरसमज असा, की खिडकीतून ऊन येतं म्हणजे झालं. यूव्हीबी काचेतून जवळजवळ येतच नाही. डासांच्या जाळीतूनही ते बरंच अडतं. आपल्याकडे बाल्कनीला सरकती काच आणि खिडकीला जाळी असतेच, त्यामुळे घरात आलेलं ऊन छान दिसलं तरी त्या कामाचं नसतं. सकाळचं कोवळं ऊन थेट अंगावर मिळावं यासाठी जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, आपण शेजारी बसून अर्धा तास बाहेर ठेवता आलं तर उत्तम. हार्नेस बांधून कठड्यावर बसवू नका. घार, कावळा, मांजर, नाहीतर तिसऱ्या मजल्यावरून उडी, यांतलं काहीही होऊ शकतं.

रोजच्यासाठी यूव्हीबीची ट्यूब लागते. ती दिवसाला १२ तास चालू ठेवा आणि खोक्यावर दिलेल्या अंतरावर लावा. मध्ये काच किंवा प्लॅस्टिक नको. सहा महिने ते वर्षभरात ती बदलावी लागते. ट्यूब पेटते, खोली उजळते, पण आतले यूव्हीबी संपत आलेले असतात आणि ते डोळ्यांना कळत नाही. ट्यूबवर बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा.

पाण्याचंही बघून घ्या. इग्वाना दमट जंगलातला आहे. पुण्यातल्या मार्च ते मेच्या कोरड्या हवेत त्याच्या अंगातलं पाणी कमी होतं, शी घट्ट होते आणि भूक मरते. पानांवर पाणी शिंपडूनच द्या. दिवसातून एकदा-दोनदा टँकमध्ये फवारा मारा आणि अधूनमधून खांद्यापर्यंत बुडेल एवढ्याच कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा. बहुतेक वेळा तो त्या पाण्यातच शी करतो आणि मग खायला लागतो. बिअर्डेड ड्रॅगनला मात्र आपला पावसाळा बाधतो, त्याचा टँक कोरडा ठेवण्याकडे लक्ष द्या.

आता जागा. इग्वाना भेदरलेला असेल तर खात नाही. आपला भाग लोहगाव विमानतळाच्या आणि हवाई दलाच्या तळाच्या अगदी कुशीत आहे. लढाऊ विमानं डोक्यावरून गेली की तावदानं थरथरतात. त्यात आळंदी रस्त्याची रहदारी, आणि आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच रस्त्याने पुण्यात येते त्या दिवसाची गर्दी, टाळ-मृदंग, लाउडस्पीकर. सवयीने प्राणी रोजच्या आवाजांना सरावतो, पण नव्याने घरी आलेला इग्वाना पहिले एक-दोन आठवडे कमी खाणारच. टँक आतल्या खोलीत, छातीच्या उंचीवर ठेवा. तीन बाजू कापडाने झाका आणि आत लपायला पानांचा आडोसा करून द्या. काचेत दिसणारं स्वतःचं प्रतिबिंबही त्याला प्रतिस्पर्धी वाटू शकतं. त्या दिवसांत पाहुण्यांना दाखवायला सारखं हातात घेऊ नका.

एवढं जमलं की मग पाला. इथे आपल्याला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.

पहिली म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं प्रमाण. हाडांसाठी अन्नात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असावं. केळ्यात ते नेमकं उलटं आहे, फॉस्फरस निदान दुप्पट. म्हणून रोज केळं खाणारा इग्वाना अंगाने भरलेला दिसला, तरी त्याची हाडं आतून पोकळ होत जातात. दुसरी गोष्ट ऑक्झॅलेट. काही पालेभाज्यांत हे आम्ल भरपूर असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. अळू खाजतं ते याच जातीच्या स्फटिकांमुळे. पालक, चुका, चाकवत, माठ, राजगिरा यांतही ऑक्झॅलेट जास्त आहे. पालक आपल्यासाठी पौष्टिक, म्हणून सरड्यालाही रोज पालक, ही फार पसरलेली चूक आहे. महिन्यातून एखाद्या वेळी दोन पानं गेली तर बिघडत नाही, पण रोजच्या ताटात त्याला जागा नाही. अळू तर कधीच नको.

मग रोज काय? माझं उत्तर ठाम आहे: शेवग्याचा पाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत १०० ग्रॅम शेवग्याच्या पानांत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम दाखवलं आहे, आणि फॉस्फरस त्यापेक्षा कितीतरी कमी. पानं लहान आणि कोवळी असतात, त्यामुळे पिल्लालाही चिरून देण्याची गरज पडत नाही. भाजीवाल्याकडे रोज नसला तरी सांगून ठेवलं तर आणून देतो. सोसायट्यांच्या आवारात आणि जुन्या घरांच्या परसात ही झाडं असतात, मालकाला विचारून एक डहाळी घेता येते.

त्याच्या जोडीला मेथीची पानं, कोथिंबीर, तुतीची पानं आणि अधूनमधून मुळ्याचा पाला. लसूणघास मिळाला तर फारच छान. गुरांसाठी तो विकला जातो, गवत विकणारे किंवा गोठेवाले त्याची पेंडी देतात. आणि जास्वंद! इग्वानाला जास्वंदीचं फूल इतकं आवडतं की ते बघून तो फांदीवरून खाली येतो. फूल आणि कोवळी पानं, दोन्ही चालतात. फक्त देवळाबाहेर विकायला असलेली फुलं घेऊ नका, त्यांवर काय फवारलं आहे ते कळत नाही. घरच्या कुंडीतली घ्या.

फ्लॉवरभोवतीचा पाला भाजीवाले तोडून टाकून देतात, त्यात कॅल्शियम भरपूर असतं. मागितलात तर फुकट मिळेल. मात्र फ्लॉवर, कोबी, मुळा, ब्रोकोली या एकाच कुळातल्या भाज्या आहेत आणि रोज खूप दिल्या तर गळ्याजवळच्या थायरॉइड ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात. आठवड्यातून एक-दोनदा फिरवून द्या.

पाला एकूण खाण्याच्या ८० ते ९० टक्के असावा. उरलेल्यात किसलेला लाल भोपळा, दुधी, दोडका, गाजर, कोवळी फरसबी, थोडं रताळं. फळ अगदी चवीपुरतं: पपई, आंबा, कधी अंजीर. अंजिरात इतर फळांपेक्षा कॅल्शियम जास्त असतं आणि पुरंदरची ताजी अंजिरं पुण्यात हंगामात सहज मिळतात, तेव्हा केळ्याऐवजी ते द्या. काकडी आणि लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी. पोट भरतं, मिळत काही नाही.

इग्वानाला अंडं, चिकन, किडे, कुत्र्या-मांजराचं कोरडं खाणं देऊ नका. तो आवडीने खातो, झपाट्याने वाढतो, आणि काही वर्षांत मूत्रपिंडं निकामी होतात. दूध, दही, पनीरही नको, ते पचवण्याची सोय त्याच्या पोटात नाही. भात-पोळी नको. कांदा, लसूण, अ‍ॅव्होकाडो विषारी. बाल्कनीतल्या कुंड्यांवरही नजर टाका. कण्हेर, धोत्रा, रुई, डिफेनबाखिया यांच्या आसपास त्याला सोडू नका. कण्हेर तर रस्त्यांच्या दुभाजकांवरही असते आणि तिचं एखादं पानसुद्धा घातक ठरू शकतं.

पाला आणला की धुवा. भाज्यांवर कीटकनाशकं असतात आणि सरड्याचं वजन पाहता थोडा अंशही त्याला जास्त होतो. पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून दोन-तीनदा वाहत्या पाण्याखाली हलवा. साबण नको. आठवड्याचा पाला एकदम धुऊन, कोरडा करून, सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवता येतो. देताना मात्र तासभर आधी बाहेर काढा, फ्रिजमधला गार पाला बरेच प्राणी नाकारतात.

आता चिरणं, ज्याकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत. मोठं पान समोर टाकलं तर इग्वाना त्यातलं हवं ते ओरबाडतो, बाकी तुडवतो. म्हणून सगळं एकत्र, कोशिंबिरीसारखं बारीक करा आणि नीट कालवा, म्हणजे पपईचा तुकडा उचलताना त्याला चार पानंही उचलावी लागतील. तुकडा किती मोठा? प्राण्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर जेवढं, तेवढाच. प्राणी वाढेल तसा तुकडा वाढवा, आणि पूर्ण वाढलेल्या इग्वानाला अख्खी पानं फाडून खाऊ द्या.

वेळ सकाळची. दिवा लागल्यावर त्याला तास-दोन तास शेकू द्या, अंग गरम झालं की वाटी ठेवा. संध्याकाळी ऑफिसमधून येऊन खायला दिलं, तर दिवा बंद व्हायला दोन तास उरतात आणि पोट भरलेला प्राणी गारठ्यात झोपतो. सकाळी घाई असते हे खरं. पाला आदल्या रात्री चिरून ठेवा, सकाळी फक्त वाटी ठेवायचं काम उरेल. वाटी उथळ हवी आणि इग्वानासाठी ती वर, फांदीच्या उंचीवर अडकवलेली हवी. झाडावरचा प्राणी जमिनीवर उतरून खायला बिचकतो. वाटी नुसती वर नेली आणि खाणं सुरू झालं, असंही घडतं. संध्याकाळी उरलेलं काढून टाका.

आणि ही वाटी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शीमध्ये साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. लहान मुलांना आणि वयस्कर माणसांना त्यांचा त्रास होतो. प्राण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावा.

इतकं सगळं करूनही तो फक्त फळच वेचत असेल, तर आता खरी सवय मोडायची वेळ आली.

फळ एकदम बंद करू नका. पहिल्या आठवड्यात ते इतकं बारीक कुस्करा की सगळ्या पाल्याला त्याचा रस लागेल. वेचायला तुकडाच मिळणार नाही, असं करा. पुढच्या आठवड्यात फळ निम्मं करा आणि त्या जागी किसलेला लाल भोपळा घाला. रंग तोच, गोडवा थोडा. मग भोपळाही कमी करत जा. सरड्यांना रंग चांगले दिसतात आणि लाल, केशरी, पिवळ्याकडे ते ओढले जातात. म्हणून जास्वंदीच्या पाकळ्या चिरून वरून भुरभुरा. पिवळ्या-लाल रंगाखालून हिरवा पाला पोटात जाऊ लागतो. नवी भाजी एका वेळी एकच आणा आणि जुन्यात मूठभर मिसळून आणा. आतड्यातल्या जिवाणूंनाही नव्या पाल्याची सवय व्हावी लागते.

हातातून भरवणंही उपयोगी पडतं. शेवग्याची डहाळी देठाला धरून त्याच्या नाकासमोर हळूच हलवा. हलणारी वस्तू डोळ्यांत भरते, तो जीभ लावून बघतो, आणि एकदा चव कळली की पुढचं सोपं. जीभ लावून मागे फिरला तरी निराश होऊ नका. तीच डहाळी टँकमध्ये टांगून ठेवा. आपण खोलीत नसताना खाणारे लाजाळू प्राणी पुष्कळ असतात.

बिअर्डेड ड्रॅगनची गोष्ट थोडी वेगळी. पिल्लू असताना त्याच्या खाण्यात किड्यांचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश असतो, वर्षाच्या पुढे तेच प्रमाण पाल्याचं झालं पाहिजे. मालक किडे कमी करायला विसरतात आणि ड्रॅगन पाल्याकडे बघतही नाही. मोठ्या ड्रॅगनला आठवड्यातून दोन-तीन वेळाच किडे द्या आणि तेही पाला खाऊन झाल्यावर. सुरुवातीला पाल्याच्या वाटीतच दोन जिवंत अळ्या सोडा. त्या वळवळताना पानं हलतात, तो झडप घालतो आणि तोंडात पानही जातं. किडे विकतचे, पाळलेलेच घ्या. शेतातले नाकतोडे औषध मारलेले असू शकतात. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या मावळात आणि भंडारदऱ्याकडे काजवे दिसतात. मुलांनी ते हौसेने पकडून आणले तर ड्रॅगनपासून दूर ठेवा. काजव्याच्या अंगातलं विष इतकं तीव्र असतं की एकानेही ड्रॅगन दगावू शकतो.

कॅल्शियमची पूड वरून लावावी लागते. ती फॉस्फरस नसलेली हवी. वाढत्या पिल्लाला जवळजवळ रोज चिमूटभर, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा. पूड जास्त झाली की पाला पांढरा, खडूसारखा लागतो आणि चांगलं खाणारा प्राणीही तोंड फिरवतो. बाजारातली पूड महाग वाटत असेल तर समुद्रफेन आणा. पक्ष्यांच्या दुकानात आणि काष्ठौषधीवाल्यांकडे ते मिळतं आणि त्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच असतं. धुऊन, वाळवून, चाकूने खरवडून घ्या. ड जीवनसत्त्व मिसळलेली पूड मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरा, ते जास्त झालं तरी घातक असतं.

जबरदस्तीने तोंड उघडून भरवू नका. हाडं आधीच मऊ असतील तर जबडा मोडतो, आणि रस श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला सूज येते.

मग थांबायचं किती दिवस? इथे डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, वजनकाटा आणा. स्वयंपाकघरातल्यासारखा, पण या कामापुरता वेगळा डिजिटल काटा घ्या. मोठ्या इग्वानासाठी थोडा मोठा लागेल. दर रविवारी सकाळी, खायला देण्याआधी वजन करून वहीत लिहा. वजन टिकून असेल, डोळे तरतरीत असतील, तर मोठ्या प्राण्याने दोन-चार दिवस कमी खाल्लं म्हणून घाबरू नका. कात टाकताना भूक कमी होते. नर माजावर असताना कमी खातो. थंडीत ड्रॅगन आळसावतो. मादी नराशिवायही अंडी धरते आणि पोट अंड्यांनी भरलं की खाणं सोडते. तिला खणायला ओल्या मातीचा खोका द्यावा लागतो, आणि ती सुस्त पडली तर वाट न बघता डॉक्टर.

पिल्लाने दोन दिवस काहीच खाल्लं नाही, मोठ्याचं वजन दहा टक्क्यांनी उतरलं, जबडा मऊ लागतो, बोटं थरथरतात, पाय सुजून जाड दिसतात, आठवडाभर शी नाही किंवा तोंडातून चिकट स्राव येतो, यांतलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय थांबवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर सरपटणारे प्राणी बघत नाहीत, म्हणून विदेशी प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर आधीच, प्राणी ठणठणीत असताना शोधून ठेवा. जाताना ताजी शी डबीत घेऊन जा, त्यात जंत आहेत का ते तपासता येतं. तापमानांची आणि वजनाची वहीही सोबत घ्या. टँकचा आणि दिव्यांचा फोटो दाखवा, डॉक्टरांचे निम्मे प्रश्न त्यातच सुटतात.

इग्वाना नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो आणि शेपटीसकट पाच-सहा फुटांचा होतो. सांभाळणं जमेनासं झालं तर त्याला कळसच्या नदीकाठी किंवा दिघीच्या टेकडीवर सोडून देऊ नका. आपल्या थंडीत तो मरू शकतो. जगला तर फ्लोरिडात आणि पोर्तो रिकोत झालं तसं तिथल्या झाडाझुडपांवर आणि प्राण्यांवर संकट होईल. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर विचारा किंवा नोंदणीसह जबाबदार माणसाकडे सोपवा.

आणि सोसायटीच्या कुंपणाशी हातभर जागा असेल तर या जूनमध्ये शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी रोवा. पावसात ती सहज जीव धरते, आणि काही महिन्यांतच औषध न मारलेला ताजा पाला आपल्या दारात मिळू लागेल.